साडेबावीस आणे, वर चार बोटे

गेल्या मार्गशीर्षात सावद्याच्या माझ्या आजोळच्या मळ्याची हद्दकायम मोजणी झाली. उपग्रहांकडून आपला ठावठिकाणा विचारून घेणारे यंत्र काठीवर बसवून आलेल्या मोजणीदाराने तासाभरात चारही कोपऱ्यांचे आकडे टिपले. आणि ज्या दगडाला तीन पिढ्यांनी हद्द मानून नांगर वळवला होता, तो दगड वीतभर चुकीच्या जागी आहे असे सांगून, पंचांच्या सह्या घेऊन, तो पुढल्या गावी निघून गेला. माझ्या मामांची उभी हयात मोजणी खात्यात गेली; रावेर तालुक्यात असा मळा विरळा की ज्याच्या बांधावरून ते साखळी घेऊन चाललेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी कोणालाही उलट शब्द केला नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी माळ्यावरून आपली जुनी साखळी उतरवून घेतली, फडक्याने पुसली, ओसरीच्या एका टोकापासून अंगणापर्यंत पसरली, आणि तिच्याकडे पाहत बराच वेळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी म्हणून मी कंदिलाएवढ्या उजेडाच्या दिव्याखाली टिपणे काढीत होतो. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि विचारले, "हे मेट्रिक स्पेस म्हणजे काय? आमचे आणे आणि गुंठे घालवून ज्याने हेक्टर-आर आणले, तेच का हे मेट्रिक?"

"नव्हे, मामा. दशमानाशी याचा संबंध नावापुरता. कशाचाही समुदाय घ्यावा. रेघेवरचे बिंदू घ्या, गावाच्या नकाशावरच्या जागा घ्या, नदीकाठच्या वाकड्या रेषा घ्या. आणि त्यातील कोणत्याही दोहोंमधले अंतर किती हे सांगणारा एक नियम त्याला लावून द्यावा. नियमाच्या अटी थोड्या. अंतर ऋण नसावे. ते शून्य असेल तर त्या दोन वस्तू एकच असाव्यात. इकडून तिकडे जितके, तितकेच तिकडून इकडे असावे. आणि वाटेत मुक्काम केल्यामुळे अंतर घटू नये."

"सावद्याहून रावेरला फैजपूरवरून गेले तर वाट वाढेल, घटणार नाही. ही शेवटची अट आम्ही पायांनी शिकलो."

"मॉरिस फ्रेशे नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १९०६ साली आपल्या प्रबंधात हे मांडले, आणि फेलिक्स हाउसडोर्फ या जर्मन गणितज्ञाने १९१४ च्या आपल्या ग्रंथात त्याला आजचे नाव दिले. आता अशा समुदायातला एखादा लहान समुदाय निवडा. मोठ्या समुदायातील कोणताही बिंदू घेतला, आणि त्याच्या हवे तितके जवळ, त्या लहान समुदायातला कोणी ना कोणी सापडतच असेल, तर त्या लहान समुदायाला डेन्स म्हणतात. मी वर्गात दाट संच असे म्हणतो."

"दाट म्हणजे आपली केळी. पाऊल टाकायला जागा नाही, ऊन जमिनीला लागत नाही."

वर्गातल्या मुलांचीही पहिली समजूत हीच होते, आणि तीत त्यांचा दोष नाही. दाट हा शब्दच डोळ्यांपुढे गर्दी उभी करतो. मी म्हटले, "केळी दाट दिसते, पण या अर्थाने ती दाट नव्हे. आपली लागवड पाच फूट बाय पाच फूट. चार खोडांच्या मधोमध उभे राहा. तिथून कोणतेही खोड साडेतीन फुटांहून किंचित जास्त अंतरावर राहील. आता मी म्हटले की या जागेपासून फूटभर अंतरात एक खोड दाखवा, तर तुम्हाला दाखवता येणार नाही. एकरात सतराशेच्या वर खोडे उभी आहेत, तरी माझ्या एका फुटाच्या मागणीपुढे सारा मळा उघडा पडला."

"मग दाट आहे तरी काय?"

मी अंगणात पसरलेल्या साखळीकडे बोट दाखवले.

ज्यांनी ही साखळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी येथे चार शब्द लिहिणे अवश्य आहे. मुंबई इलाख्यातील मोजणीची साखळी तेहतीस फुटांची असे आणि तिचे सोळा भाग पाडलेले असत. रुपयाचे जसे सोळा आणे, तसे साखळीचेही सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद इतकी जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. पैसा, लांबी आणि क्षेत्र या तिन्ही गोष्टी एकाच सोळाच्या मापाने तोलल्या जात, म्हणून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ असलेला माणूस बाजारात आणि बांधावर सारख्याच आत्मविश्वासाने उभा राहू शके. या साखळीचे स्वागत मात्र आमच्या भागात सुखाने झालेले नाही. १८५२ साली नवी सरकारी मोजणी खानदेशात सुरू झाली तेव्हा याच सावदा-फैजपूर-यावलच्या मुलखात हजारो रयत तिला हरकत घेण्यासाठी एकत्र आली, आणि तो विरोध मोडण्यासाठी सरकारला फौज आणावी लागली. मोजले गेले की सारा वाढेल हे भय त्यामागे होतेच; पण आपल्या जमिनीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते परक्याच्या साखळीच्या कड्यांत सापडेल काय, हा अविश्वासही त्यात असला पाहिजे असे मला वाटते, आणि तो अविश्वास त्या संध्याकाळी माझ्या मामांच्या मुद्रेवर, यंत्राच्या बाबतीत, मी पुन्हा पाहत होतो.

"साखळीचे निम्मे करा," मी म्हटले, "आठ आणे. त्याचे निम्मे चार, मग दोन, मग एक. आता आण्याचेही निम्मे करा, त्याचेही निम्मे, आणि हे कधीच थांबवू नका. अशा निम्मे-निम्मे करण्यातून जेवढ्या म्हणून खुणा साखळीवर पडतील, त्या सर्व खुणांचा समुदाय दाट. नुसत्या आण्यांच्या खुणा दाट नव्हेत, अर्ध्या आण्याच्याही नव्हेत. कोणत्याही एका पायरीवर थांबलात की केळीचा मळा झाला. सगळ्या पायऱ्या मिळून जो समुदाय होतो तोच दाट."

मामांनी साखळीचे एक कडे बोटांत फिरवले. "म्हणजे कोठेही बोट ठेवले तरी त्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी लगत, खूण आहेच. दोन खुणांच्या मध्येही आणखी खुणा आहेत. मग मोकळे राहिले काय? रेघ भरली म्हण ना."

"भरली नाही. तिथेच सगळी गोम आहे."

"हे मला मान्य नाही. जिथे दोन बोटांच्या मध्ये सूतभर जागा उरत नाही, तिथे रिकामे असायला जागाच कुठे?"

"तुम्हीच सांगा. एक गुंठ्याचा तुकडा काटकोनात आहे की नाही हे तुम्ही कसे तपासत होतात?"

"कर्ण धरून. समोरासमोरच्या दोन खुंट्यांमध्ये साडेबावीस आणे, वर चार बोटे आली पाहिजेत. दोन्ही कर्ण तसे आले म्हणजे तुकडा चोख."

मी कागदावर मांडले. पायथागोरसाच्या नावाने शाळेत शिकवतात, आणि आपल्या शुल्बसूत्रकारांनी वेदी आखताना वापरले, त्या नियमाप्रमाणे कर्णाच्या वर्गाची किंमत दोन चौरस साखळ्या. दोनाचे वर्गमूळ सोळा आण्यांनी गुणले की बावीस आणे आणि वर आण्याचे सुमारे पाच अष्टमांश येतात. साडेबावीसच्या वर उरते ते तीन इंचांहून थोडे अधिक. मामांची चार बोटे ती हीच. कोणत्याही पुस्तकात न पाहता, शेकडो तुकडे मोजून, त्यांच्या हाताने ही संख्या गाठली होती, आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटला.

"बावीस आणे आणि पाच अष्टमांश," मी म्हटले, "म्हणजे साखळीचे १८१/१२८. हा आकडा खऱ्या कर्णापेक्षा किती कमी आहे माहीत आहे? इंचाच्या सोळाव्या हिश्शाहूनही कमी."

"मग झाले की! खूण सापडली."

"सापडली नाही. १८१ चा वर्ग ३२,७६१. आणि १२८ च्या वर्गाची दुप्पट ३२,७६८. सात कमी पडतात."

"सात म्हणजे काय मोठे! आणखी निम्मे कर, भरून निघतील."

"कधीच निघणार नाहीत. खुणेचा अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहिला की वरची संख्या विषम राहते, आणि खाली दोनदोनांचा गुणाकार. विषमाचा वर्ग विषमच. खालच्या वर्गाची दुप्पट मात्र सम. विषम आणि सम बरोबर होतील तरी कसे? सातांच्या जागी दुसरे काही उरेल, आकडे मोठे होत जातील आणि प्रत्यक्ष चूक लहान होत जाईल. पण शून्य कधी होणार नाही. कर्णाचे टोक जिथे टेकते त्या जागी तुमच्या साखळीची खूण नाही, आणि कितीही निम्मे केले तरी पडणार नाही."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली, १८१ आणि १२८ या दोहोंची दुप्पट केली, मग पुन्हा, आणि शेजारच्या आकड्यांचे वर्ग करून पाहू लागले. आतून मामींनी चहा आणून ठेवला तो तसाच राहिला. अर्ध्या तासाने त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "तू म्हणालास की निम्मे करत गेले की जवळ जाता येते. मी एकदा केले, दोनदा केले, तीनदा, चारदा केले. त्याच १८१/१२८ हून जवळचे काही आले नाही. पाचव्यांदा आले."

ते खरे होते. ५,७९३/४,०९६ ही पहिली खूण, जी कर्णाच्या टोकाला अधिक जवळ जाते. ती टोकाच्या पलीकडे पडते, आणि चूक इंचाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आत येते. मी हा विषय इतकी वर्षे शिकवतो आहे. तथापि हे बारीक सत्य मी कधी आकड्यांनी तपासून पाहिले नव्हते. दाटपणा असे वचन देतच नाही की प्रत्येक पाऊल तुम्हाला अधिक जवळ नेईल. चार पावले व्यर्थ जातील. वचन एवढेच आहे की तुम्ही जी तफावत मागाल तिच्या आत कधी ना कधी खूण पडलीच पाहिजे.

तफावत हा शब्द मी मामांच्याच खात्यातून उचलला, आणि त्या शब्दाने पुढचे काम हलके केले. "यात क्रम महत्त्वाचा आहे," मी म्हटले. "आधी तुम्ही तफावत मुक्रर करायची: इंचाचा सोळावा हिस्सा, विसावा, शंभरावा, जी मनास येईल ती. मग मी खूण दाखवायची. सोळावा हिस्सा म्हणालात तर मी १८१/१२८ दाखवीन. विसावा म्हणालात तर ती खूण नापास, आणि मला ५,७९३/४,०९६ पर्यंत जावे लागेल. पण मी आधी खूण ठरवली आणि मग तुम्ही तफावत सांगितली, तर मी हरलो; कारण माझ्या खुणेची जी चूक आहे तिच्या निम्मी तफावत तुम्ही मागाल. दाट संच हे ज्या त्या हुकमाला मिळणारे उत्तर आहे. एकाच खुणेने सर्व हुकूम पाळले जातील असे तो म्हणत नाही."

"आधी हुकूम, मग मोजणी."

"होय."

हे सांगताना मला पाटणादेवीची आठवण झाली. आपल्याच जिल्ह्यात चाळीसगावजवळ, डोंगराच्या कुशीत, १२०७ सालचा एक शिलालेख सापडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोईदेव राजाने त्याला देणगी दिली, असे त्यात नोंदलेले आहे. ज्या ग्रंथांसाठी तो मठ, त्यांपैकी लीलावतीत हाच प्रश्न आहे. आणि तोही जवळजवळ मामांच्याच आकारात. काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सव्वातीन; कर्ण किती? वर्ग येतो १६९/८, आणि त्याला नेटके मूळ नाही. भास्कराचार्य रीत देतात: छेद आणि अंश यांचा गुणाकार करा, त्याला एखाद्या मोठ्या वर्गाने गुणा, मूळ काढा, आणि छेदाला त्या मोठ्या वर्गाच्या मुळाने गुणून जे येईल त्याने भागा. त्यांनी दहा हजारांनी गुणले. मूळ ३,६७७ घेतले. ८०० ने भागले. आणि उत्तर दिले चार पूर्णांक ४७७/८००.

मी हे सांगितले तेव्हा मामांनी ताबडतोब विचारले, "दहा हजारच का?"

"हेच तर मर्म. दहा हजारांची सक्ती नाही. गुणक पुरेसा मोठा घेतलात की उत्तर खऱ्याच्या हवे तितके जवळ जाईल. आणि आचार्य त्या उत्तराला मूळ म्हणत नाहीत; निकट म्हणतात. फ्रेशेच्या सुमारे साडेसातशे वर्षे आधी, ११५० साली, अपूर्णांक हे अशा कर्णांच्या हवे तितके निकट जातात, पण त्यांना शिवत नाहीत, ही दुहेरी जाणीव या एका शब्दात आहे."

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. आचार्यांनी दाट संचाची व्याख्या केली असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. व्याख्या ही वेगळी वस्तू आहे. तिला तिचा काळ यावा लागतो. पण व्याख्येला जे अनुभव गोळा करावे लागले त्यांतला एक आमच्या खानदेशात सातशे-आठशे वर्षांपूर्वी शिकवला जात होता, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

त्यानंतर मी मामांना एक गोष्ट सांगितली, जी ऐकून त्यांनी प्रथम मान हलवून नकार दिला. सगळ्या खुणा एका यादीत ओळीने मांडता येतात: निम्मी पहिली, मग पाव, मग पाऊण, मग अष्टमांशांच्या, अशा, कोणती खूण कितव्या क्रमांकाची हे सांगता येते. आता पहिल्या खुणेवर पाव आण्याची कापडाची पट्टी ठेवा, दुसरीवर त्याच्या निम्मी, तिसरीवर त्याच्याही निम्मी. सर्व पट्ट्यांची बेरीज कितीही केली तरी अर्ध्या आण्याच्या पुढे जात नाही. म्हणजे सोळा आण्यांच्या साखळीवर जी वस्ती कोठेही टाळता येत नाही, ती सगळी अर्ध्या आण्याच्या कापडाखाली झाकली गेली! आणि उरलेले साडेपंधरा आणे? ते ज्या बिंदूंचे बनले आहेत त्यांच्यापैकी एकाही ठिकाणी खूण नाही. आणि साखळीवरचे खूण नसलेले सगळे बिंदू एकत्र घेतले तर तेही तितकेच दाट. कोणत्याही दोन खुणांच्या मध्ये ते आहेतच. एकाच रेघेवर दोन वस्त्या, एकमेकींत एकही घर सामाईक नाही, आणि तरी कोणत्याही घराच्या दाराशी, हवे तितके लगत, दुसऱ्या वस्तीचे घर.

"दाट असूनही अर्धा आणा," मामा स्वतःशीच म्हणाले. मग थांबून, "म्हणजे दाट हा शब्द तू चुकीचा घेतलास. गर्दीचा शब्द आहे तो. तुझ्या मनात गर्दी नाहीच. तुझ्या मनात आहे की कोणतीही जागा एकाकी पडू नये."

मी यावर वाद घातला नाही. शब्द रूढ झाला आहे आणि तो आता बदलणार नाही. पण तेव्हापासून वर्गात व्याख्या सांगितल्यावर मी मामांचे हे वाक्य सांगतो, आणि मुलांच्या डोळ्यांपुढची केळी नाहीशी होते.

इथवर मामा माझ्या बाजूला येत आहेत अशी माझी समजूत झाली होती. ती अपुरी होती. त्यांनी साखळी गुंडाळायला घेतली आणि म्हणाले, "तुझे सगळे मला पटले, आणि ते सगळे माझ्या कामाचे नाही. ऐक. सुकी नदीच्या काठाचे मळे मी मोजले आहेत. काठ वाकडा, साखळी सरळ. आम्ही काठाच्या बाजूने एक सरळ रेघ धरायचो, तिच्यावरून ठरावीक अंतराने काठापर्यंत लंब घ्यायचो, आणि लंबांची टोके सरळ रेघांनी जोडून टिपणात काठ काढायचो. लंब जितके जवळजवळ, तितका काठ चोख."

"मामा, हाही दाट संचच! सर्व अखंड वक्ररेषांचा समुदाय घ्या. दोन वक्ररेषांमधील अंतर म्हणजे त्यांच्यात जिथे जास्तीत जास्त फट पडते ती फट. या अंतराने पाहिले तर तुमच्या तुटक सरळ रेघांचे काठ दाट आहेत. वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८८५ साली दाखवले की बीजगणितातल्या साध्या बहुपदींचे आलेखसुद्धा तसेच दाट असतात."

"असतील. पण क्षेत्र जुळायचे, काठाची लांबी जुळायची नाही. तुझी फट कितीही लहान झाली तरी लांबी आपल्या जागी हटून बसते. शंका असेल तर गुंठाभर केळीत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात चालून बघ. ओळीओळीने वळत गेलास तर सहासष्ट फूट चालशील. ओळी फूटभरावर आणल्या, इंचावर आणल्या, तुझा मार्ग कर्णाला चिकटून गेला, तरी चाल सहासष्टच. आणि कर्ण आहे शेहेचाळीस फूट आठ इंच."

मी क्षणभर निरुत्तर झालो. कारण हेच उदाहरण मी वर्गात शेवटच्या आठवड्यात देतो, आणि ते मला पुस्तकातून मिळाले होते. फटीच्या अंतराने जे निकट आहे ते लांबीच्या हिशेबाने निकट असेलच असे नाही. मी कबूल केले की निकट कोणाला म्हणावे हे अंतराचा नियम ठरवतो, आणि नियम बदलला की दाटपणाही बदलतो.

"मग आता माझे अंतर ऐक. वाटणीपत्रकात तीन भावांचे हिस्से लिहायचे तर प्रत्येकी पाच आणे चार पै. बेरीज बरोबर सोळा आणे. सात भाऊ असले तर? प्रत्येकी दोन आणे तीन पै, आणि तीन पै शिल्लक. तुझे निकट अपूर्णांक घेऊन तू पैचे कितीही निम्मे केलेस तरी काही ना काही शिल्लक राहीलच, कारण सातने दोनांचा गुणाकार कधी भागला जात नाही. दप्तरात शिल्लक चालत नाही. सोळा आणे म्हणजे सोळा आणे. तीन पैंच्या तुकड्यावरून दोन पिढ्या कज्जा चाललेला मी पाहिला आहे. आणि हद्द? हद्दीच्या या बाजूला माझे, त्या बाजूला त्याचे. एक सूत पलीकडे गेलो तरी ते अतिक्रमण आणि शंभर फूट गेलो तरी अतिक्रमण. मालकीत जवळजवळ माझे असे काही नसते."

त्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांनी एक अंतराचा नियम शब्दाशब्दांत सांगितला होता. मी टिपणवहीत तो त्यांच्यासमोर लिहिला: दोन जागा एकच असतील तर अंतर शून्य, वेगळ्या असतील, मग त्या लगत असोत वा जिल्ह्याच्या दोन टोकांना, तर अंतर एक. चारही अटी तो पाळतो. या नियमात एखाद्या जागेपासून अर्ध्याच्या आत कोण येते ते पाहिले तर ती जागा स्वतःच. दुसरे कोणी नाही. म्हणून कोणत्याही समुदायाला दाट व्हायचे असेल तर त्याने एकही जागा सोडता कामा नये. सर्व खुणा, सर्व अपूर्णांक, भास्कराचार्यांचे निकट, यंत्राचे दशांशस्थळांचे आकडे, यांपैकी काहीही या अंतरात दाट नाही. दाट फक्त सारा समुदाय.

"म्हणजे मी चुकलो नव्हतो," मामा म्हणाले.

"तुम्ही चुकला नव्हता, आणि मीही नव्हतो. एकाच रेघेवर आपण दोन वेगळ्या नियमांनी अंतर मोजत होतो."

त्यांनी ते पान स्वतःकडे ओढून घेतले आणि पुष्कळ वेळ वाचले. अंगणात थंडी उतरली होती, आणि सातपुड्याच्या बाजूने येणारा वारा केळीच्या फाटक्या पानांतून सळसळत होता. शेवटी ते म्हणाले, "आज तो मोजणीदार कोणत्या नियमाने मोजून गेला?"

या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही, आणि तो प्रश्न आजवर माझ्या मनातून गेलेला नाही. यंत्र सांगते ते तीन दशांशस्थळांपर्यंत. म्हणजे केळीचा मळाच, ओळी जरा जवळ लावलेला. त्याचे उत्तर निकट असते. ते हद्दीच्या दगडाला लावताच मात्र मालकीच्या अंतरात गणले जाते, आणि तिथे निकट हा शब्दच अस्तित्वात नाही. एका अंतरात मोजायचे आणि दुसऱ्या अंतरात निवाडा करायचा, हे जोवर कोणी बोलून दाखवत नाही तोवर तीन पिढ्यांचा दगड एका आकड्याने चुकीचा ठरवता येतो. मामांचा दगड त्या वीतभराने खरोखर चुकला असेलही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती वीत आली कोणत्या तफावतीच्या आत, हे कागदावर नव्हते.

मी हे सांगितले. मामांनी साखळी पुन्हा फडक्यात बांधली आणि कोनाड्यातून कोऱ्या कागदांचा ताव काढून माझ्यापुढे ठेवला. हरकतीचा अर्ज त्यांना लिहायचा होता. हात कापतो म्हणून मजकूर माझ्याकडून. मी मायना लिहिला, गाव मौजे सावदा, गट नंबर, मग सवयीप्रमाणे पहिल्या ओळीत दगडाचे जुने आणि नवे अंतर लिहू लागलो.

"ते नंतर," मामा म्हणाले. "आधी तफावत विचार. किती तफावत धरून मोजलेत ते लेखी द्यावे, असे पहिल्या कलमात लिही. आकडे दुसऱ्या कलमात."